ध्येय ठरवण्याआधी: ते आपलंच आहे का, हे कसं तपासायचं

ध्येयं लिहायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत जी यादी उतरते ती बहुधा ऐकीव असते. वजन कमी करायचं, पहाटे उठायचं, एखादी भाषा शिकायची, वरची जागा मिळवायची, वाचन वाढवायचं. यात वाईट काहीच नाही. पण हीच यादी शेजारच्या माणसाच्या कागदावरही जशीच्या तशी सापडते, तेव्हा ती कुठून आली याचा विचार करायला हरकत नाही.

केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये या प्रश्नावर काम केलं. स्वतःच्या आवडीशी आणि मूल्यांशी जुळणाऱ्या ध्येयांसाठी माणसं जास्त काळ टिकून कष्ट करतात, हे त्यांना दिसलं. ते अपेक्षितच होतं. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग: अशी ध्येयं पूर्ण झाल्यावर समाधानही जास्त मिळतं. म्हणजे उसन्या ध्येयात तोटा दोनदा होतो. एकदा वाटेत दमछाक होते, आणि पोहोचल्यावर 'हेच का ते?' असं वाटतं.

खाली दिलेली पद्धत पहिल्यांदाच असं काही करणाऱ्यासाठी आहे. कागद, पेन, गेल्या महिन्याचं कॅलेंडर आणि खर्चाची नोंद एवढं जवळ ठेवा. एका बैठकीत उरकू नका. तीन-चार बैठका आणि मध्ये एखाद-दोन दिवसांची फुरसत असली की पुरे.

पायरी 1: आधी पुरावा गोळा करा

बहुतेक जण इथे मूल्यांची छापील यादी घेतात आणि आवडलेल्या शब्दांवर खुणा करत सुटतात. प्रामाणिकपणा, कुटुंब, स्वातंत्र्य, करुणा… यातल्या कशाला नाही म्हणणार? यादी समोर असली की आपण कसं असायला हवं ते लिहितो, कसे आहोत ते राहून जातं. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि आधी स्वतःच्या वागण्याकडे बघा.

चार ठिकाणी बघायचं. पहिलं, वेळ आणि पैसा. गेल्या महिन्यात ज्यावर कोणी सक्ती केली नव्हती असा वेळ आणि असा खर्च कशावर झाला? दुसरं, कोणी न सांगता केलेली कामं. नव्या सहकाऱ्याला तासभर बसून काम समजावलं असेल, बिघडलेली वस्तू टाकून न देता उघडून बघितली असेल. अशा गोष्टी आपल्याला इतक्या साध्या वाटतात की त्या नोंदवाव्यात हेच सुचत नाही.

तिसरं ठिकाण म्हणजे राग. रोजची चिडचिड सोडून द्या, मनात दोन-दोन दिवस घोळत राहिलेला राग आठवा. बैठकीत दुसऱ्याचं श्रेय कोणीतरी लाटलं आणि तुमचा काही संबंध नसताना तुम्हालाच झोप लागली नाही, तर न्याय ही गोष्ट तुमच्यात खोलवर आहे. तिथेच बसलेल्या दुसऱ्या माणसाला कदाचित बैठक वीस मिनिटं लांबली याचाच राग आला असेल.

चौथं ठिकाण हेव्याचं. याबद्दल बोलायला आपण लाजतो, पण माहिती सगळ्यांत जास्त इथेच मिळते. फक्त नेमकं विचारावं लागतं. मैत्रिणीला मोठं पद मिळालं आणि मनात काहीतरी टोचलं, तर टोचलं नक्की काय? पगार? लोकांनी तिचं ऐकून घेणं? की ती आता घरून काम करू शकते आणि तिचा दिवस तिच्या हातात आहे, हे? तिसरं उत्तर असेल तर तुम्हाला पद नको आहे, मोकळीक हवी आहे. आणि मोकळीक मिळवण्याचे मार्ग पदाकडून जात नसतील, असंही होऊ शकतं.

एक सावधगिरी बाळगा. वागण्यात दिसतं ते सगळं मूल्य नसतं. फोनवर रोज तीन तास गेले म्हणून फोन हे तुमचं मूल्य ठरत नाही. नाइलाजाने केलेली कामंही या हिशोबात धरू नका. फरक कळण्यासाठी प्रत्येक नोंदीपुढे एवढंच लिहा: हे झाल्यावर कसं वाटलं? थकवा आला तरी बरं वाटलं असेल तर नोंद ठेवा. नुसतीच मरगळ आली असेल तर काट मारा.

पायरी 2: नावं द्या आणि क्रम लावा

आता पुराव्यातल्या सारख्या नोंदी एकत्र करा आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्या. शब्द सुचत नसेल तर आता छापील यादी बघायला हरकत नाही.

इथे दोन संशोधकांची कामं उपयोगी पडतात. मिल्टन रोकीच यांनी 1973 मध्ये मांडलेल्या चाचणीत 18 अंतिम (आयुष्यात शेवटी काय हवं) आणि 18 साधनरूप (त्यासाठी कसं वागायचं) मूल्यं होती, आणि लोकांना ती महत्त्वाच्या क्रमाने लावायला सांगितलं जाई. कळीची गोष्ट तो क्रमच. खुणा करताना सगळंच महत्त्वाचं म्हणता येतं. क्रम लावताना मात्र एकाला वर घ्यायचं तर दुसऱ्याला खाली ढकलावं लागतं.

शालोम श्वार्ट्झ यांनी 1992 मध्ये दहा मूलभूत मूल्यं वर्तुळात मांडली. शेजारची मूल्यं एकमेकांशी जुळवून घेतात, समोरासमोरची भांडतात. नावीन्याची ओढ आणि सुरक्षितता समोरासमोर येतात. स्वतःचं यश आणि आपल्या माणसांचं भलं यांचीही ओढाताण असते. तुमच्या पहिल्या पाचांत अशी जोडी आली तर गडबडू नका, ती अनेकांच्या यादीत असते. पण ध्येय ठरवताना भांडण कुठे होणार हे आत्ताच कळलं, एवढा फायदा झाला.

चार-पाच मूल्यंच ठेवा. प्रत्येकापुढे स्वतःच्या शब्दांत एक वाक्य लिहा, आणि ते वागण्याबद्दल असू द्या. 'कुटुंब' एवढं लिहून काही कळत नाही, ते आयुष्यातलं एक क्षेत्र झालं. त्या क्षेत्रात तुम्हाला कसं वागायचं आहे? 'घरातलं कोणी बोलत असेल तर हातातलं काम ठेवून ऐकणं' हे वाक्य चालेल. 'प्रामाणिकपणा: वाईट बातमी दडपून न ठेवता वेळेवर सांगणं' हेही चालेल.

मग एक कडक प्रश्न. गेल्या वर्षभरात या मूल्यासाठी मी काय सोडलं? वेळ, पैसा, सोय, कोणाची मर्जी, काहीही. उत्तर 'काहीच नाही' असेल तर ते मूल्य 'असावंसं वाटतं' अशा वेगळ्या मथळ्याखाली हलवा. फेकून देऊ नका. पुढे जाऊन ते खरंही होऊ शकतं. पण आज त्याच्यावर मोठं ध्येय उभं करणं जोखमीचं आहे.

पायरी 3: मूल्यातून ध्येय काढा, आणि असलेल्या ध्येयाची उलटतपासणी करा

मूल्य कधी पूर्ण होत नाही. 'आता शिकत राहणं संपलं' असं कोणी म्हणत नाही. ध्येयाला मात्र शेवट असतो: अमुक झालं की झालं. हा फरक लक्षात ठेवला तर बराच गोंधळ टळतो, कारण 'चांगला बाप व्हायचं' असं ध्येय लिहिलं की ते पूर्ण झालं का, हे कधीच सांगता येत नाही आणि अपराधीपणा तेवढा साठत जातो.

एक मूल्य घ्या आणि त्याखाली किमान पाच ध्येयं लिहा. पाच का? पहिली दोन हटकून ऐकीव असतात. 'शिकत राहणं' या मूल्याखाली आधी 'ऑनलाइन कोर्स पूर्ण करणे' येईल, मग एखादं प्रमाणपत्र. तिसऱ्या-चौथ्यापासून हात अडखळतो आणि तिथेच खरी गंमत सुरू होते: 'ज्या विषयाची शाळेपासून भीती वाटते तो पुन्हा पहिल्यापासून बघणे', 'आजोबांच्या हातची कला त्यांच्याकडून शिकून घेणे', 'कामात रोज वापरतो ते यंत्र आतून कसं चालतं हे समजून घेणे'. मूल्य एकच, ध्येयं मात्र किती वेगवेगळी!

डोक्यात आधीपासून बसलेलं ध्येय असेल तर उलट दिशेने जा. 'हे मला का हवंय?' असं विचारा आणि आलेल्या उत्तराला पुन्हा 'का?' विचारा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतात प्रेरणेचे जे प्रकार आहेत ते इथे चाळणीसारखे वापरता येतात. उत्तर साधारण चारांपैकी एक निघतं:

- कोणीतरी सांगतंय म्हणून, किंवा त्यातून काही मिळणार आहे म्हणून.
- नाही केलं तर लाज वाटेल, अपराधी वाटेल म्हणून.
- करताना कंटाळा आला तरी मला ते महत्त्वाचं वाटतं म्हणून.
- करायलाच आवडतं म्हणून.

शेवटची दोन उत्तरं आली तर ध्येय तुमचं. तिसऱ्या उत्तराकडे नीट बघा, कारण नवखा माणूस इथे हमखास चुकतो. आपलं ध्येय म्हणजे मजा येणारं ध्येय, असा समज करून घेतो आणि पहिल्या कंटाळ्याला 'हे माझं नव्हतंच' म्हणून मोकळा होतो. दुखऱ्या गुडघ्याचे व्यायाम कोणाला आवडतात? पण आपल्या पायांनी फिरता येणं ज्याला मोलाचं वाटतं, त्याचं ते ध्येय पूर्णपणे स्वतःचंच आहे.

दुसरं उत्तर सगळ्यांत फसवं. बाहेरून कोणी दबाव टाकत नसतं, म्हणून आपलंच वाटतं. प्रत्यक्षात कोणाचा तरी जुना आवाज आपल्या तोंडून बोलत असतो. ओळखायचं कसं? वाक्यात 'पाहिजेच', 'या वयात तरी', 'लोकांनी केलं आणि मी' असे शब्द वारंवार येतात. आणखी एक तपासणी: हे मी पूर्ण केलं आणि ते कधीच कोणाला कळणार नसेल, सांगायचीही परवानगी नसेल, तरी मी करेन का? क्षणभरही थांबावं लागलं तर त्या थांबण्याची नोंद करा.

याचा अर्थ घरच्यांनी सुचवलेलं सगळं परकं, असा काढू नका. डेसी आणि रायन यांनीच स्पष्ट केलंय की स्वायत्तता म्हणजे एकटेपणाने वागणं नव्हे. आईवडिलांची काळजी घेणं, घराण्याचा व्यवसाय पुढे नेणं हे विचार करून, पटवून घेऊन स्वीकारलं असेल तर ते आपलंच. प्रश्न कोणी सुचवलं हा नाही. 'नाही' म्हणायची मुभा असती तरी मी 'हो' म्हटलं असतं का, हा आहे.

पायरी 4: ध्येयाला आकार द्या, पण आकड्याला डोक्यावर बसवू नका

इथवर आलात की दोनच ध्येयं निवडा. फार तर तीन.

एडविन लॉक यांनी 1968 पासून केलेल्या कामातून एक गोष्ट पक्की झाली आहे: 'जमेल तितकं करू' यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय ठेवणाऱ्यांची कामगिरी सरस होते. म्हणून 'फिटनेस सुधारायचा' असं न लिहिता काय, किती, कधीपर्यंत हे लिहा. मात्र काम अगदीच नवं असेल तर निकालाचं ध्येय लगेच ठेवू नका, शिकण्याचं ठेवा. पोहायला नुकतंच सुरू केलेल्याने 'अमुक मिनिटांत अमुक अंतर' असं ठरवण्यापेक्षा 'महिन्याभरात श्वास आणि हातांची लय जमवायची' असं ठरवणं शहाणपणाचं.

ध्येय 'स्मार्ट' (SMART, पाच इंग्रजी निकषांच्या आद्याक्षरांचा शब्द) असावं, हे तुम्ही ऐकलं असेलच. जॉर्ज डोरन यांनी 1981 मध्ये ही कल्पना व्यवस्थापकांसाठी मांडली. मूळ मांडणीत त्यातल्या एका अक्षराचा अर्थ काम कोणावर सोपवायचं, असा होता! कंपनीतल्या कामासाठी तयार झालेलं हे साधन आकार द्यायला उत्तम आहे. पण ध्येय ठेवण्याच्या लायकीचं आहे की नाही, हे ते सांगत नाही. निरर्थक ध्येयही अगदी नीट 'स्मार्ट' असू शकतं.

आकड्यांचा दुसरा धोका असा की मोजता येतं तेच हळूहळू ध्येय बनतं. वर्षाला तीस पुस्तकं ठरवली की हात पातळ पुस्तकांकडे जायला लागतो. मुलांसोबत रोज एक तास ठरवला की तास भरतो, पण दुसऱ्या हातात फोन असतो. यावर उपाय सोपा आहे. ध्येयाखाली ज्या मूल्यासाठी ते ठेवलं ते लिहा, आणि त्याखाली 'आकडा गाठला तरी हे असं झालं तर फसलं' अशी एक ओळ लिहा. वाचनाच्या ध्येयाखाली ती ओळ 'महिनाभर एकाही पुस्तकाबद्दल कोणाशी बोलावंसं वाटलं नाही' अशी असू शकते.

पायरी 5: कशातून काढणार, ते लिहा

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि माझ्या मते बहुतेक ध्येयं इथेच मरतात. आठवडा आधीच भरलेला असतो. नवं काही त्यात घालायचं तर जुनं काहीतरी बाहेर काढावं लागतं, आणि ते काय हे कागदावर आलं पाहिजे. 'आठवड्याला चार तास' एवढं लिहून भागत नाही. 'मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळच्या मालिका बंद, शनिवारी सकाळचं जादा काम बंद' असं लिहा. काढलेली गोष्ट तुमच्याच दुसऱ्या मूल्याला धरून असेल, तर श्वार्ट्झ यांच्या वर्तुळातलं ते भांडण आता दारात येऊन उभं राहिलं असं समजा. कोणाचा तरी वेळ तुमच्या ध्येयापायी जाणार असेल तर त्या माणसाशी आत्ताच बोला, सुरुवात झाल्यावर नको.

वेळेचा अंदाज करताना मनावर विश्वास ठेवू नका. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात 55 हून जास्त लागले. काम आपलं असलं की अडचणी दिसत नाहीत. म्हणून याआधी केलेल्या तशाच कामाला किती वेळ लागला होता, तोच आकडा धरा. 'यावेळी वेगळं होईल' हे वाक्य हिशोबात घेऊ नका.

पायरी 6: अडथळा आणि जर-तर

ध्येय गाठल्याचं सुंदर चित्र डोळ्यांपुढे आणत बसा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. गॅब्रिएल ओटिंगेन यांचं संशोधन सांगतं की नुसत्या गोड कल्पनांनी उत्साह उलट ओसरतो. चित्र बघा, पण लगेच शेजारी अडथळा ठेवा, आणि तो स्वतःच्या आतला असू द्या: संध्याकाळची सुस्ती, नाही म्हणायचा संकोच, चुकण्याची भीती.

मग त्या अडथळ्याला जर-तर जोडा. 'जर घरी आल्यावर लोळावंसं वाटलं, तर बूट न काढता पाच मिनिटं चालून येईन.' पीटर गोलविट्झर आणि पास्कल शिरन यांनी 2006 मध्ये अशा योजनांवरचे 94 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांचा परिणाम चांगलाच ठळक निघाला. प्रसंग आणि कृती आधीच बांधून ठेवली की ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

जाता जाता दोन दंतकथा. ध्येयं लिहून ठेवणारे तीन टक्के विद्यार्थी पुढे बाकीच्यांपेक्षा कितीतरी श्रीमंत झाले, असा येल विद्यापीठाचा 1953 चा अभ्यास सांगितला जातो. असा अभ्यास झालेलाच नाही. लिहिणं उपयोगी आहे, पण या कारणासाठी नव्हे. आणि 21 दिवसांत सवय लागते, हेही खरं नाही. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 96 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) 66 दिवस निघाला, आणि माणसागणिक फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा. पहिल्यापासून मोजायची गरज नाही.

पायरी 7: महिन्यातून एकदा बघा, आणि सोडायचं असेल तर नीट सोडा

महिन्यातून अर्धा तास पुरतो. तीन प्रश्न: किती झालं? ते मूल्य या महिन्यात माझ्या वागण्यात दिसलं का? आज कोणी हे ध्येय माझ्यासमोर नव्याने ठेवलं तर मी ते उचलेन का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाईट आणि बाकी दोन्हींचं चांगलं असेल, तर ध्येय ठीक आहे, योजना बदला. वेळ हलवा, आकडा निम्मा करा, नवा जर-तर लिहा. पहिलं उत्तम आणि दुसरं वाईट असेल तर आकड्याने मूल्य गिळलं, पायरी 4 मधली ती ओळ पुन्हा वाचा. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर लगेच निर्णय घेऊ नका. थकलेल्या दिवशी सगळंच नकोसं वाटतं. पुढच्या महिन्यातही 'नाही'च आलं तर सोडा.

सोडणं म्हणजे हार, हे आपल्या मनावर फार बिंबलेलं आहे. कार्स्टन व्रोश आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये जे दाखवलं ते वेगळं आहे: आवाक्याबाहेरच्या ध्येयातून मन काढून घेणं आणि अर्थपूर्ण अशा दुसऱ्या ध्येयाकडे वळणं ज्यांना जमतं, त्यांचं मानसिक स्वास्थ्य तुलनेने चांगलं असतं. त्यातला दुसरा भाग विसरू नका. जुनं सोडायचं आणि जागा रिकामी ठेवायची, असं केलं तर ती जागा फोन भरून काढतो.

सोडलेलं ध्येय खोडू नका. त्यापुढे तारीख आणि एका ओळीत कारण लिहा: 'माझं नव्हतं', 'माझं होतं पण आत्ता शक्य नाही', 'मीच बदललो'. दुसऱ्या कारणाची ध्येयं वेगळ्या पानावर उतरवून ठेवा आणि वर्षातून एकदा ते पान उघडा. त्यातलं एखादं आता शक्य झालेलं असेल, तर ते थेट पायरी 5 पासून सुरू करता येतं. मूल्याचं वाक्य मात्र त्याआधी एकदा वाचून घ्या. वर्षभरात माणूस थोडाफार हलतो, आणि जुनं वाक्य तसंच्या तसं लागू पडेल असं नाही.